कण्यांचा भाव

कर्जतला भात भरडायची गिरणी मी आणली, तेव्हा नारळ फोडून लोकांना सांगितलं की बायकांचे कष्ट वाचावेत म्हणून आणली. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं कारण, मला चार पैसे मिळावेत. ते सांगितलं असतं तरी गिऱ्हाईक तेवढंच आलं असतं. मग खोटं का बोललो, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्या गावात नफा करायला कुणाची हरकत नव्हती. तो तोंडानं म्हणायचा नव्हता, एवढंच.

त्याआधी आमच्या घरचं भात पळसदरीकडची एक बाई कांडायची. मजुरी थोडी. पण उखळात तांदळाचे तुकडे पडत, त्या कण्या कांडणारणीच्या, असा जुना रिवाज. तिच्या घरी त्यांचीच पेज शिजे.

गिरणीत कण्यांचे ढीग पडू लागले. गिऱ्हाइकांना विचारलं, कण्या नेता, की माझ्याकडे ठेवून भरडणावळ कमी देता? काय म्हणतात याची मला खरंच उत्सुकता होती. एकूण एक जणांनी कण्या सोडल्या. व्यापाऱ्यांना जळवा म्हणणारे शाळामास्तर त्यांत होते, आणि गरिबाच्या तोंडचा घास काढू नये असं कीर्तनात सांगणारे बुवाही. कण्या कुणाच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर होतंच.

पुढच्या चैत्रात ती बाई रिकामी टोपली घेऊन गिरणीत आली. तोवर घरोघरचं कांडप सुटलं होतं. तिला फुकट द्यायचं म्हणून एक पोतं मी महिनाभर बाजूला ठेवलं होतं; निरोप मात्र धाडला नव्हता.

तिनं त्याच पोत्यात हात घातला. एरवी मला दादा म्हणायची.

“काय भाव हाय, शेट?”

मी भाव सांगितला. तोंडातून तोच आला.

ती हसली. म्हणाली, “हातांना आराम हाय आता. पोटाला बी.” मग टोपली काखेला मारत म्हणाली, “कशेळ्याला यापरीस सस्त्या मिळतात.”

ती रस्त्याला लागेपर्यंत हाक मारता आली असती. मी मात्र कशेळ्याला खरंच स्वस्त असेल का, याच विचारात उभा. बाजाराच्या दिवशी माणूस पाठवून चौकशी केली. तिथला भाव माझ्यापेक्षा चढा निघाला.

मग मीही माझा वाढवला.