वरातीला रेसची मोटार

रुक्माबाईला पेट्रोलच्या वासाची शिसारी होती. बाई उभा जन्म निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काढलेली. परका माणूस त्या वखारीच्या दारातच शिंकून बेजार व्हायचा, आणि ही आत दिवसभर पानांच्या शिरा काढत बसायची, वर जात्यावरची गाणी म्हणायची. पण संध्याकाळी नवरा घरात शिरला की तिचा पदर नाकाला जायचा. परशरामाच्या सदऱ्याला वास, मिशीला वास, त्यानं मोडलेल्या भाकरीला वास.

"हात धुवा जावा."

"धुतलं की."

"मग कातडं बदला."

शेजारची शालूबाई भिंतीवरून हे सगळं ऐकायची आणि सकाळी गल्लीभर वाटायची. एकदा ती म्हणाली, "रुक्मे, सवतच हाय गं ती तुजी. लाल लुगड्यातली."

"सवत असती तर भांडी तरी घासली असती," रुक्माबाई म्हणाली.

ही सवत म्हणजे परशरामाची लाल मोटार. दोन माणसांची, लांबलचक नाकाची, बॉनेटवर कातडी पट्टा आवळलेली. रेसच्या घोड्याला तंग बांधतात तशी. तिचं टप कापडी होतं आणि ते एकदा उघडलं की पुन्हा लागत नसे, म्हणून पावसाळ्यात परशराम छत्री धरून मोटार हाकायचा.

माणूस तसा वाईट नव्हता. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याची लॉरी हाकण्यात तारुण्य गेलेलं. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड एकच. कुणी बघतंय असं दिसलं की त्याची छाती दोन बोटं पुढं यायची आणि अक्कल तेवढीच मागं जायची. लॉरीतून उतरताना सुद्धा तो कलेक्टरसारखा उतरायचा.

लढाईच्या आधीची गोष्ट. परशराम आणि रुक्माबाईचा भाऊ भरमू, दोघांनीही पै-पै साठवलेली. बेळगावला जायचं, एकेक जुनी चार माणसांची छोटी मोटार घ्यायची आणि भाड्याला लावायची, असा दोघांचा बेत. भरमूनं ठरल्याप्रमाणं घेतली. तोंडानं बेडकीसारखी, रंगानं शेणासारखी. परशरामासाठी तिचीच बहीण बाजूला उभी होती. पण तेवढ्यात कॅम्पातला कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, आणि त्याची लाल मोटार त्याच किमतीत विकाऊ होती, असं कळलं. परशराम नुसतं बघायला म्हणून गेला.

"किती पळती?" त्यानं साहेबाच्या बटलरला विचारलं.

"साहेब पुण्याला जेवायला जाऊन रात्री झोपायला परत येत होता," बटलर म्हणाला. बटलरच तो, त्याच्या बापाचं काय जातंय.

पेट्रोल किती पिते, हे विचारायचं राहूनच गेलं.

"दाजी," भरमू हळूच म्हणाला, "हिच्यात मानसं कुठं बसवायची?"

"दोन बसत्यात की."

"त्यातलं एक तुमी. म्हंजे गिऱ्हाईक एक."

"पर कसलं गिऱ्हाईक! तालेवार!"

बेळगावहून दोघं बरोबरच निघाले. परशराम धुरळा उडवत दिसेनासा झाला. मग संकेश्वरात बेडकी डुलत डुलत आली तेव्हा लाल मोटार वडाखाली उभी, टाकी ठणठणीत, आणि मालक बॉनेट पुसतोय. भरमूनं आपल्यातलं अर्धं पेट्रोल काढून दिलं. घरी पोचल्यावर परशराम सगळ्यांना सांगत होता, "भरमू लई मागं राहिलता."

नाक्यावरचा पंपवाला आण्णाप्पा मात्र या मोटारीवर बेहद्द खूश. लांबून आवाज आला की तो पंपाचा दांडा धरूनच उभा राहायचा. "या परशरामअण्णा! तुमचा मेव्हणा येतो तो पाणी मागून जातो. गिऱ्हाईक म्हणावं ते तुम्हीच." आणि खरंच, पेट्रोलच्या एका डब्यात भरमूची बेडकी सहा माणसं, दोन कोंबड्या आणि एखादं शेंगांचं पोतं घेऊन चिकोडीला दोनदा जाऊन यायची. तेवढ्याच डब्यात लाल मोटार एक परशराम आणि एक गिऱ्हाईक घेऊन एकदा जायची, आणि येताना दोघंही तिला ढकलायचे. असलं गिऱ्हाईक पुन्हा कशाला येतंय!

रुक्माबाई वखारीतून आणायची त्यावर चूल पेटायची. नवरा आणायचा त्यावर आण्णाप्पाचं घर चालायचं.

मग परशरामाला वरातीचा धंदा सुचला. लाल रंग, लांब नाक, दोनच जागा. नवरा-नवरीला आणखी काय पाहिजे? निपाणी, चिकोडी, सदलगा, सगळीकडं तिचा बोलबाला झाला. वरात ठोक भावानं ठरायची, पेट्रोल मोटारवाल्याचं. आणि इथंच माती खाल्ली. वरात चालते सनईवाल्याच्या चालीनं. दर दोन घरांनी थांबते, कुणी ओवाळतं, कुणी नारळ देतं. पुण्याला जेवायला पळणारी मोटार पहिल्या गिअरात मुंगीसारखी सरकायची. मधून मधून पाय दाबून तिला भुंकवावं लागायचं, नाहीतर इंजिन घुसमटून मरायचं. आणि ते मरून तर चालायचंच नाही. जोडपं बसलेलं असताना मोटार बंद पडली की संसार बंद पडतो, असं मोटारी आल्यापासून कुणीतरी ठरवून टाकलं होतं आणि साऱ्या मुलखानं ते मानलं होतं. त्यामुळं मोटार जागच्या जागी तासन् तास धडधडायची. रेडिएटर उकळायचा, सनईवाला खोकायचा, नवरीच्या शालूला वास लागायचा.

"एका जागी हुबं राहून पितीया," रुक्माबाई म्हणायची. "म्हस सुदा पाणी पिऊन चार पावलं चालती."

"तुला न्हाय कळायचं. लोक बघत्यात कसं ते बघ."

"लोक बघत्यात. पैसं कोन बघतंय?"

लढाई लागली आणि पेट्रोल कुपनावर आलं. भरमूला मिळायचं त्यात बेडकीचा महिना निघायचा, वर थोडं शिल्लक पडायचं. परशरामाच्या कुपनात एक वरात व्हायची आणि दुसरी अर्धी. तो त्यात रॉकेल मिसळायला लागला. मग जो काळा धूर निघायचा, त्यानं शालूबाईच्या वाळवणाच्या कुरडया एकदा अशा काळ्या झाल्या की तिनं त्या टोपलीसकट याच्या दारात आणून ओतल्या. लॉरीची नोकरी परत मिळत होती. व्यापाऱ्यानं निरोप धाडला होता. परशराम म्हणाला, "आता मी मालक हाय." रुक्माबाईनं त्या दिवसापासून मोटारीबद्दल बोलणंच सोडलं. त्या विषयाचा तिला उबग आला होता. तोंडात केस यावा तसं व्हायचं.

अशात लेकीचं, बेबीचं लग्न ठरलं. सदलग्याच्या मारुतीरावांचा शामू. पोरगा निर्व्यसनी, घर खाऊन-पिऊन सुखी. मारुतीराव फक्त शकुन-अपशकुनाचे. त्यांनी एकच गोष्ट दहादा बजावली. लग्नाच्या संध्याकाळीच अमावस्या लागत होती. सुनेनं दिवेलागणीच्या आत उंबऱ्यावरचं माप ओलांडायलाच पाहिजे.

परशरामानं कधीचं ठरवून ठेवलेलं, बेबीची वरात लाल मोटारीतनं. पण त्याच्या टाकीत नावाला पेट्रोल नव्हतं. तेव्हा भरमूनं मामाचा आहेर म्हणून आपलं साठवलेलं सगळं तिच्यात ओतलं.

"दाजी, पेठेतनं एक फेरी मारा आनि नाक्यावरनं सरळ सदलगा. तेवढंच बसतंय. माज्या गाडीत आता माशी बुडायची न्हाय."

"मला शिकवतोस व्हय रं?"

दुपारी जेवणं उरकली. वऱ्हाडाच्या बैलगाड्या पुढं निघून गेल्या. मागं राहिले मारुतीराव, पाठराखीण मालुबाई आणि नवरा-नवरी. मांडीला मांडी लावून रंगीत फेटेवाला जावई आणि पलीकडं लेक, असा परशराम कसाबसा स्टिअरिंगच्या चाकापाशी बसला. दोन माणसांच्या मोटारीत तिघं. डोळ्याला त्यानं मोटारीबरोबर मिळालेला साहेबाचा काळा चष्मा लावला होता.

पेठेतनं एक फेरी झाली. लोक बघत होते. परशरामाची छाती दोन बोटं पुढं आली.

त्यानं मोटार नाक्याकडं न नेता लॉरीच्या जुन्या मालकाच्या दाराकडं वळवली. तिथं ओवाळणं झालं. मग वखारीपुढं, बायांनी बघावं म्हणून. मग पुन्हा पेठेत, कारण पहिल्या फेरीला माडीवरचे सावकार झोपले होते. मोटार भुंकत होती, धूर ओकत होती. ऊन उतरायला लागलं.

"परशरामअण्णा," मारुतीराव बाजूनं चालत घाम पुसत म्हणाले, "दिवस बुडाया लागला की वो."

"काळजी नगा करू पाव्हणं! एकदा पळाया लागली म्हंजे सदलगा काय, मिरज गाठंल!"

रुक्माबाई बायकांबरोबर मागं चालत होती. तिला काटा बघावा लागत नव्हता, आवाजावरून कळत होतं टाकीत किती उतरलंय ते. प्रत्येक दारात तिला दिसत होतं, भरमूनं महिनाभर पायी हिंडून राखलेलं पेट्रोल, लेकीचा उंबरा, सगळं नळीतनं काळं होऊन बाहेर पडतंय.

चौकात मोटार पुन्हा थांबून धडधडायला लागली आणि बेबीचा चेहरा पिवळा पडला. धूर आणि उकाडा सोसून सोसून पोरगी दारावरून वाकली आणि भडाभडा ओकली. लग्नाची बुंदी लाल रंगावरून ओघळली.

परशराम टुणकन उतरला. खिशातला रुमाल काढला. आणि त्यानं आधी रंग पुसला. चांगला दाबून, कडेकडेनं पुसला. मग म्हणाला, "काय गं बेबी, बरं वाटतंय न्हवं?"

रुक्माबाई मोटारीपुढं येऊन उभी राहिली.

"इंजान बंद करा."

सनई थांबली.

"याड लागलं का तुला? जोडपं बसलंय!"

"बंद करा म्हनते."

"अवो बाई, नगा!" मारुतीराव हात वर करून धावले. "अपशकुन हुतोय!"

"मारुतीराव, तुमची सून सांजच्याला उंबऱ्यावर पायजे, का रातभर हितंच पेठेत धडधडत बसू द्यायची?"

मारुतीरावांनी मावळतीकडं पाहिलं. मग मोटारीकडं पाहिलं, मग सुनेकडं. "साकु, साकु," ते कानडीत पुटपुटले. "पुरे. करा बंद."

परशराम हलेना. रुक्माबाईनं आत हात घालून किल्ली फिरवली. लाल मोटार दोनदा उचकी देऊन गप झाली. साऱ्या पेठेनं श्वास रोखला. शामूच्या डोक्यावर आभाळ काही पडलं नाही. त्यानं उलट बेबीला हात दिला आणि खाली उतरवलं.

"भरमू, बेडकी आन हिकडं. आनि रबरी नळी."

"आक्का, मी वढतो, सोड."

"तू दिलंस, ह्यांनी जाळलं. ऱ्हायलेलं मी काढती."

तिनं टाकीत नळी सोडली, दुसरं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. गुळणीभर पेट्रोल तोंडात आलं. तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं, गालफडं वाकडी झाली. ती थुंकली, नेमकी पुसलेल्या रंगावर. धार कळशीत पडायला लागली. कळशी जेमतेम अर्धी भरली आणि धार तुटली.

भरमूनं आत डोकावलं. "पुरंल. येताना ढकलत आलो तरी चालतंय."

बेडकीत बेबी, शामू, मारुतीराव, मालुबाई, रुखवताच्या टोपल्या आणि वाटेत त्याचं गाव लागतं म्हणून सनईवालासुद्धा बसला. दारं लागेनात, ती दोरीनं बांधली. दुसऱ्या दिवशी भरमू सांगत आला, सदलग्यात दिव्याची वात पेटवायला सासूनं काडी ओढली होती आणि बेबीनं माप ओलांडलं.

"आनि शकुनाचं काय म्हनाले?" रुक्माबाईनं विचारलं.

"मारुतीराव म्हनाले, आपली सून लाल गाडीतनं उतरली हाच शकुन."

लाल मोटार पेठेतच उभी होती. शेवटी ज्योतिबा गाडीवानानं बैलजोडी जुंपून ती ओढत आणली. मोटार ओढली जात होती आणि परशराम चाकावर हात ठेवून, काळा चष्मा लावून बसला होता. ओट्यावरची माणसं उठून बघायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि लाज नावाची गोष्ट त्या माणसाला शिवलीच नाही. त्याची छाती पुढं आली.

"परशराम," ज्योतिबा दारात येऊन म्हणाला, "माज्या पोराची वरात हाय. अशीच आन की! बैलं माजी. बंद पडायची भीती न्हाय."

परशराम विचार करून सांगतो म्हणाला. विचार त्यानं मोटार अंगणात लागेपर्यंत केला.

"अगं," तो चुलीपाशी येऊन म्हणाला, "कडब्याला कुपन लागत न्हाय."

रुक्माबाईनं त्याच्याकडं पाहिलं. ताटातली आमटी नासलीय का बघतात, तसं. मग तवा उतरवला आणि परड्यात निघून गेली.

ज्योतिबाच्या पोराची वरात ठरल्या दिवशी निघाली. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, मागं लाल मोटार, आणि परशराम हॉर्न वाजवतोय. घरापाशी आल्यावर त्यानं बैल मुद्दाम थांबवले.

"रुक्मे, ये की बाहेर!" शालूबाई भिंतीवरून हसू दाबत ओरडली. "बघ तरी, मालक कसा दिसतोय!"

रुक्माबाई बाहेर आली. परशरामानं चष्मा कपाळावर चढवला. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. बैलांनी तिच्या दारापुढं शेण टाकलं होतं. वरात पुढं सरकेपर्यंत ती पाटी घेऊन थांबली, मग वाकून दोन्ही हातांनी ते उचललं.

"ह्या गाडीनं घरात पहिल्यांदा कायतरी दिलं," ती म्हणाली आणि शेणी थापायला परड्यात गेली.