सेवाज्येष्ठतेने गुहेत

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी तिसगावच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि सुट्ट्यांत संगमनेरला घरी जात होतो. दोन्ही गावांत मी एकच खेळ चालवला आणि दोन्हीकडे बुडवला.

खेळ असा. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाने एक काल्पनिक माणूस घ्यायचा, त्याची ताकद, अक्कल आणि शिल्लक जीव कागदावर आकड्यांत लिहायचा. एकाने, म्हणजे मी, बाकीचं जग सांगायचं : समोर गुहा आहे, आतून कुजका वास येतोय, काय करता? ते आपापलं सांगतात, मग फासा टाकायचा आणि फासा म्हणेल ते होतं. संगमनेरच्या एका मित्राच्या मामाने अमेरिकेहून नियमांचं पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा आणला होता. मामाला वाटलं होतं, शैक्षणिक असेल.

संगमनेरचे तिघं माझे कॉलेजातले मित्र. पुस्तक त्यांना पाठ. मोहिमेत दोन राक्षस ठेवले तर दहा मिनिटांत कापून चहा मागायचे. पाच ठेवले तर मरायला टेकायचे. साडेतीन राक्षस पुस्तकात नव्हते. म्हणून मी पाच ठेवायचो आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याआड राक्षसांचा फासा टाकून सोयीचा आकडा सांगायचो. दोन वर्षं सुरळीत चाललं. एकदा त्यातला एक पाणी प्यायला उठला आणि माझ्या मागून गेला.

"लेका, अठरा पडलेत. तू सात म्हणालास."

"म्हणजे इतके दिवस आपण जिंकत होतो ते..."

"मास्तर झालाय ना तो. ग्रेस मार्क देतोय."

हसले सगळे. पुढच्या सुट्टीत मात्र कोणीच आलं नाही. एकाच्या घरी केबल आलं होतं, दुसऱ्याच्या घरी बघायचा कार्यक्रम होता. तिसऱ्याने कारणही दिलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. परतीच्या एसटीत मी ठरवलं, यापुढे जो आकडा पडेल तोच सांगायचा. फार मोठं तत्त्व सापडल्यासारखं वाटलं होतं.

तिसगावात खेळ शनिवारी दुपारी व्हायचा, सकाळची शाळा सुटल्यावर, चित्रकलेच्या वर्गात. इथे फासा नव्हता. खडूच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. खेळणारे चौघं : मुख्याध्यापक, गणिताचे सर, क्लार्क भाऊसाहेब आणि चित्रकलेचे सर. मुख्याध्यापकांना खेळाचा सुगावा लागला तेव्हा त्यांनी आधी उद्घाटन केलं. नारळ फोडला, पाऊण तास बोलले आणि राजा व्हायचं ठरवलं. राजा राजवाड्यातच राहायचा. मोहिमांना मंजुरी द्यायची आणि परत आलेल्यांकडून अहवाल घ्यायचा, एवढंच त्याचं काम. दोन वर्षांत त्याला ओरखडा उठला नाही.

पहिल्याच मोहिमेत गुहेत पुढे कोणी जायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी गणिताचे सर म्हणाले, "वाद कशाला? सेवाज्येष्ठतेने जाऊ." खरोखर ऑफिसातून यादी आणली. राजा यादीत पहिला, पण तो येणार नव्हता. मग चित्रकलेचे सर, मग गणिताचे.

"आमची यादीच येगळी हाय," भाऊसाहेब म्हणाले. "शिक्षकेतर. आमी मागं."

तेव्हापासून प्रत्येक दारात "सर, आधी तुम्ही" व्हायचं आणि चित्रकलेचे सर मान किंचित लववून पुढे व्हायचे. हा किस्सा मी संगमनेरला रंगवून सांगितला होता. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

चित्रकलेचे सर निवृत्तीला आले होते. खेळ सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्यांची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. त्यांनी वैद्य घेतला होता, जखमा बांधणारा. वैद्याकडे जीव सगळ्यांत कमी. मोहिमेचे नकाशे तेच काढायचे. पहिल्या नकाशात त्यांनी नदीकाठी एक घर काढलं, दारात लिंब, आणि म्हणाले, "हे वैद्याचं." पुढे दर शनिवारी मोहीम निघायच्या आधी ते सांगायचे, "वैद्य घरी सांगून येतो. ती म्हणते, जपून जा." परत आल्यावर, "वैद्य घरी गेला. ती जेवायची थांबली होती." याला चिठ्ठी लागत नसे. आम्ही कोणी त्यावर बोललो नाही. राजानेही या बाबतीत अहवाल मागितला नाही.

संगमनेरचा खेळ बुडाल्यावर एका शनिवारी मी तिकडच्यासाठी लिहिलेली मोहीम इथे काढली. तिसगावकरांना झेपावी म्हणून रात्रभर, खरं तर आठवडाभर, हिशेब केला होता. राक्षस निम्मे केले, त्यांचे दात बोथट केले, विषारी विहीर बुजवली. पहिल्या दारावरचा दगड तेवढा तसाच ठेवला. संगमनेरचे आत जाण्याआधी प्रत्येक दार बांबूने ढोसायचे, त्यामुळे तो दगड कधी कुणावर पडलाच नव्हता. माझ्या लेखी तो निरुपद्रवी होता.

"दार आहे," मी म्हणालो. "अर्धवट उघडं."

"सर, आधी तुम्ही," गणिताचे सर म्हणाले.

"वैद्य आत जातो," चित्रकलेचे सर म्हणाले.

दहाच्या वर चिठ्ठी निघाली तर दगड चुकणार होता. मी डब्यात हात घातला. चार. मी मान वर केली. चौघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, चिठ्ठीकडे कोणी बघत नव्हतं. या माणसांनी ती कधीच तपासली नसती. पंधरा म्हटलं असतं तर पंधरा झालं असतं.

"चार," मी म्हणालो. "वैद्य गेला."

राजवाड्यातून मुख्याध्यापक म्हणाले, "दरबारी शोकसभा ठेवू. वीरपत्नीला मानपत्र देऊ." मग त्यांनाच काहीतरी जाणवलं असावं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

चित्रकलेच्या सरांनी पेन्सिल नकाशावर आडवी ठेवली. "आता घरी कोण सांगणार?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, कारण जग सांगायचं काम माझं होतं. पुस्तकात याला नियम नव्हता. मी म्हणालो, पुढच्या डोंगरात एक मुळी मिळते, मेलेला उठतो, आपण...

"नको, सर. उठत नसतो, ते मला ठाऊक आहे."

मी म्हणालो, दुसरा माणूस करू, आत्ताच करू, पाच मिनिटं लागतील. त्यांनी ते ऐकलंही नसावं.

"मी जातो की सांगायला," भाऊसाहेब म्हणाले. दारातून सगळ्यांत शेवटी जाणारे ते एकटेच पुढे झाले. "काय सांगू, सर?"

चित्रकलेच्या सरांनी थोडा वेळ नकाशातल्या घराकडे पाहिलं.

"काही सांगू नका," ते म्हणाले. "जेवायची वेळ टळली की कळतं."

नकाशाची घडी करून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. त्यानंतर शनिवारी शाळा सुटली की ते वर्गाची किल्ली माझ्या हातात देत आणि सरळ घरी जात. घरी कोणी नव्हतं. मी दोन-तीन शनिवार त्या वर्गात चिठ्ठ्यांचा डबा घेऊन बसलो, आणि मग किल्ली घेणंही बंद केलं.