धुराड्यातली हाक

आमच्या शेजाऱ्यांना हळू बोलताच येत नाही, असा माझा समज होता. अर्धं आयुष्य जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेलेलं, आवाज खाली येणार कुठून? सिंगापूरच्या हौगांगमधली आमची दोन जुनी घरं एका भिंतीने जोडलेली, आणि त्या भिंतीत दोन्ही स्वयंपाकघरांचं चुलीच्या काळातलं सामाईक धुराडं. त्यातून रोज सकाळी त्यांची हाक यायची, "वहिनी, आज आमटी कसली?" मीही आमटी ढवळत तितक्याच मोठ्याने सांगायची. बेल त्यांनी कधी वाजवलीच नाही.

मला मोठ्या फ्रिजसाठी जागा हवी होती, म्हणून आमच्या बाजूचं धुराडं काढायचं ठरलं. ऐकल्यावर ते तुआसच्या जहाजदुरुस्ती यार्डातून रजा घेऊनच आले. आधी वरचं वजन धरा, मग खाली हात लावा, असं त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला ओरडून बजावलं. वरचा भार लोखंडी तुळईवर येईपर्यंत एक वीट हलवू दिली नाही. शेवटी धुराड्याचं भिंतीत उरलेलं भोक समोर उभं राहून बुजवून घेतलं आणि खूश होऊन म्हणाले, "वहिनी, आता आमच्याकडचं झुरळसुद्धा यायचं नाही तुमच्याकडे!"

काम चोख झालं. फ्रिजही बसला.

परवा बेल वाजली. येऊ का, म्हणून त्यांनी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं. दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभे. इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"डिस्टर्ब नाही ना केलं? थोडी कोथिंबीर मिळेल?"

मी फ्रिजमधून जुडी काढून दिली. म्हटलं, आत या ना, आमटी उकळतेय.

"नको," ते म्हणाले, "पुन्हा कधीतरी."