दाजींचा सव्वा महिना

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतका खरं बोलणारा माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांना दुसरा झाला नसेल. आणि झाला असेल तर त्याला कुणी कार्याला बोलावलं नसेल. दाजींना बोलावावंच लागायचं, कारण ते घरचे जावई. मला बघायला साताऱ्याचे पाहुणे आले तेव्हा मुलाच्या मामांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलगी स्वभावानं शांत आहे ना? अशा वेळी कुणीतरी हो म्हणायचं आणि सगळ्यांनी पोह्यांकडे वळायचं, एवढीच अपेक्षा असते. दाजी म्हणाले, "नाही. आठवड्यातून साधारण दोनदा चिडते. पण अर्ध्या तासात उतरतं." आईनं पदर तोंडाला लावला, वडील बाहेर जाऊन उभे राहिले, आणि लग्न ठरलं. माझ्या यजमानांनी लग्नानंतर सांगितलं की आधीच्या सात ठिकाणच्या सातही मुली शांत निघाल्या होत्या, त्यामुळं त्यांना धास्ती बसली होती. संसाराला इतकी वर्षं झाली, आकडा मी तपासून पाहिला आहे. दाजींचं मोजमाप चुकलेलं नाही.

मोजणं हा त्यांचा पेशाच होता. सांगलीत सरकारी नोकरीत राहून त्यांनी आयुष्यभर नदीचं पाणी मोजलं. पावसाळ्यात कोयनेतून किती सुटलं, कऱ्हाडला किती झालं, सांगलीला कधी पोचेल, हे त्यांना घरच्या घड्याळाइतकं पाठ. निवृत्तीनंतर नदी सुटली, मोजणं सुटलं नाही. शर्टाच्या खिशात टेप असायची. चहाच्या भांड्याला आतून खूण केलेली. कुठंही जायचं तर पायऱ्या मोजत चढायचे आणि उतरताना पुन्हा मोजून ताळा करायचे. पूर आला की गल्लीतल्या बायका नदीला ओटी घेऊन निघायच्या आणि दाजी पुलावरून आकडा घेऊन परत येत असायचे. एकीनं विचारलं, ओटी भरली तर उतरंल का ओ पाणी? दाजी शांतपणे म्हणाले, "भरा की. पण आधी घरातली पोती माळ्यावर टाका." त्या बाईनं पोती टाकली, ओटीही भरली, आणि पाणी उतरल्यावर श्रेय नदीला दिलं. दाजींना त्याचं वाईट वाटलं नाही. पोती कोरडी राहिली होती.

देव मानत नसत, पण त्यावर भाषणं देत नसत. कुणी काही सांगितलं, अमक्या विहिरीच्या पाण्यानं खरूज जाते म्हणा, तमक्या अंगाऱ्यानं म्हैस दूध देते म्हणा, की त्यांचा एकच प्रश्न असायचा: करून बघितलं का? समोरचा गडबडला की दाजी चष्मा पुसायला घ्यायचे. तो त्यांचा विजयोत्सव.

आणि अशा माणसाच्या पदरात आमची आक्का. आमचं माहेर औंधच्या बाजूचं, यमाई कुलदेवी. मी शिकले, नोकरीला लागले, दिवा लावते आणि कामाला जाते. आक्का चौथीत शाळेतून निघाली ती थेट देवघरात. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, दोन एकादश्या, चतुर्थी, नवरात्राचे नऊ. कुणी नवा देव सांगितला की आक्का आठवड्यात कुठं जागा आहे का बघायची. तरणी होती तोवर खपलं. पन्नाशीला रक्तात साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, तरी उपास चालूच. सकाळी गोळी आणि दिवसभर पोटात चहा. एका सोमवारी ती मंडईत मेथीच्या ढिगावर कोसळली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गोळी घेऊन उपाशी राहणं म्हणजे विहिरीच्या काठावर झोपणं. रोज पडत नाही म्हणून पडणारच नाही असं नसतं. आक्का हो हो म्हणाली आणि गुरुवारी पुन्हा उपाशी राहिली.

दाजींनी तिला साखरेचे आकडे दाखवले, तक्ता काढून भिंतीला लावला. शेवटी मी साताऱ्याहून गेले आणि आम्ही दोघांनी मिळून तिला धरलं. दाजींनी विचारलं, उपासानं काय मिळतं ते एकदा सांग. आक्का भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"आवं, समद्यांला इचारता, करून बघितलं का. तुमी कवा देवाला हात जोडून बघितलंय? हात न घालता पाणी गार हाय का कढत, ते तुमाला कसं कळलं?"

दाजींनी चष्मा पुसायला काढला, आणि न पुसताच परत घातला. दोन घास खाऊन ते म्हणाले, "बरोबर आहे. करून बघितलं पाहिजे."

मग अटी ठरल्या, आणि त्या ठरायला अख्खी दुपार गेली. मागणं फालतू नसावं. उद्या सूर्य उगवू दे, असलं चालणार नाही, ही आक्काची अट. अशक्यही नसावं, ही दाजींची. रोज आंघोळ करून, देवघरासमोर बसून, मनापासून. मागणं पुरं झालं तर दाजींनी औंधचा डोंगर चढून यमाईची ओटी भरायची आणि आक्काच्या उपासांबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. पुरं नाही झालं तर आक्कानं सगळे उपास सोडायचे. मुदत सव्वा महिना. इथं दाजी अडले. सव्वा महिना म्हणजे नेमके किती दिवस? आक्कानं आयुष्यभर सव्वा महिने केले होते, पण असलं काही तिला कुणी विचारलं नव्हतं. दाजींनी तिसाचा महिना धरला, साडेसदतीस दिवस काढले, आणि शनिवारी सुरुवात करून अडतिसाव्या दिवशी, सोमवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला मुदत संपेल असं जाहीर केलं. मागणं बोलून दाखवलं तर फळत नाही, असं आक्का म्हणाली. दाजी म्हणाले, नोंद नसलेला प्रयोग हा प्रयोगच नव्हे. तडजोड म्हणून त्यांनी मागणं कागदावर लिहिलं, पाकिटात घालून लाखेनं बंद केलं आणि पाकीट माझ्या पर्समध्ये साताऱ्याला रवाना केलं.

दाजींच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांत यावरून दोन तट पडले. एक म्हणाले, देवाची परीक्षा घ्यायची नसते, त्याला राग येतो. दुसरे स्वतः पक्के नास्तिक. ते म्हणाले, ही तर शरणागती झाली, उद्या कुणी म्हणेल मटणाची चव घेतल्याशिवाय माळकरी राहू नका. दाजींनी दोघांना एकच उत्तर दिलं: ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यानं प्रश्न विचारू नये, मला माहीत नाही म्हणून मी विचारतोय. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते ऑफिसात चार जणींना ऐकवलं.

प्रत्यक्षात मात्र पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. दाजी दूधवाल्यालाही अहो म्हणणारे; ओळख ना पाळख, देवीला एकदम अगं कसं म्हणायचं? त्यांनी मला एसटीडी बूथवरून फोन करून सल्ला विचारला. मी म्हटलं, तुम्हाला जमेल तसं बोला, ती समजून घेईल. "घेईल की नाही तेच तर बघायचंय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग लक्ष लागेना. हात जोडले की डोक्यात पाणीपट्टी यायची, गॅसचा नंबर यायचा. ते वहीत इमानानं लिहायचे: आज अकरा मिनिटं बसलो, लक्ष चार मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात सात. मग नऊ. आक्का स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि मला फोनवर खालच्या आवाजात सांगायची, "शालन, आज त्यांचं ओठ हालत हुतं बाई. म्या बघितलं." तिच्या आवाजात नव्या नवरीसारखी लाज असायची.

मला मात्र घोर लागला होता. मागणं काय ते मला माहीत नव्हतं, पण हा माणूस जे करतो ते नीट करतो. चुकूनमाकून मागितलेलं मिळालं, तर आक्काचे उपास कायमचे पक्के. तेव्हा मी, दिवा लावून कामाला पळणारी बाई, रोज सकाळी देवासमोर दोन मिनिटं जास्त उभी राहून सांगू लागले, आमच्या दाजींचं तेवढं ऐकू नकोस.

अडतिसाव्या दिवशी मी रजा काढून सांगलीला गेले. घरात परीक्षेच्या निकालासारखं वातावरण. दाजी पाटावर, आक्का उंबऱ्यावर, मी दोघांच्या मध्ये. सोमवार, म्हणजे आक्का सकाळपासून उपाशी. बाराचा भोंगा झाला. दाजींनी मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी ताडून पाहिलं.

"झालं का मनासारखं?" आक्कानं विचारलं.

"नाही," दाजी म्हणाले.

आक्काचा चेहरा पडला. मला वाटलं होतं ती उपास सुटल्याचं दुःख करील. पण ती बराच वेळ दाजींकडेच बघत राहिली, मग उठली, ताट घेतलं, भाकरी आणि भरलं वांगं वाढून घेतलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा सोमवारी दुपारी जेवायला बसली. शब्द म्हणजे शब्द. मला इतका आनंद झाला की मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि दाजींकडे बघून हसले. दाजी हसले नाहीत. ते आक्काच्या हाताकडे, घासाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता. ते जेवले नाहीत. पोट ठीक नाही असंही म्हणाले नाहीत, कारण पोट ठीक होतं.

पुढच्या रविवारी ते साताऱ्याला माझ्या दारात उभे. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "शालन, पाकीट फोड." मी लाख फोडली. आत रकाने आखलेला कागद. मागणं: हिने सर्व उपास सोडावेत व रोज दोन्ही वेळ पोटभर जेवावे. कारण: हिच्यावाचून मला जमणार नाही.

मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला हसावं की काय करावं ते कळेना. सव्वा महिना मी देवाला जे होऊ देऊ नको म्हणून सांगत होते, ते हे होतं. आणि ते तर झालं होतं.

"मुदत संपल्यावर झालं," मी म्हटलं. "बारानंतर."

दाजी म्हणाले, कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला उशिरा पोचलं म्हणून ते आलंच नाही, असं त्यांनी कधी लिहिलेलं नाही. मग त्यांनी एकेक बोट मोडत मला सगळं समजावलं. मागणं पुरं झालं हे आक्काला सांगितलं, तर ठरल्याप्रमाणे ती उपास धरणार. उपास धरले की मागणं फसणार. मागणं फसलं की पुन्हा सोडणार. आणि न सांगावं, तर ज्या प्रयोगाचा निकाल हो आहे तो त्यांनी जन्मभर नाही म्हणून चालवला असं होणार. मी विचारलं, पण हे देवीनं केलं असं तुम्हाला वाटतं का? ते म्हणाले, आक्कानं शब्द पाळला म्हणून झालं, देवीचा संबंध दिसत नाही. मग एवढा त्रास कशाला? "संबंध नाही, हेही मला दाखवता येत नाही," ते म्हणाले, आणि डोळे पुसण्यासाठी चष्मा काढला. काच नव्हे, डोळे.

मी व्यवहारी बाई. त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि सांगितलं, "दाजी, निकाल तुमच्याजवळ ठेवा. आक्का जेवतेय. गप्प बसा." ज्या माणसानं माझ्या सोयरिकीतसुद्धा तोंड आवरलं नव्हतं, त्याला मी हे सांगत होते. त्यांनी चहा थंड होऊ दिला, मग होकारार्थी मान हलवली. एकच अट घातली: ओटीचं ठरलं होतं, ते राहता कामा नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं औंधला गेलो. आक्काला वाटत होतं ते माझ्याकडे राहिलेत, आणि ते खरंही होतं. डोंगर चढताना ते दोनदा बसले. वर यमाईसमोर खण-नारळ ठेवला. गुरवानं नाव-गोत्र विचारलं, ते त्यांनी सांगितलं. मग हात जोडून, कार्यालयात शेजारच्याशी बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "मी अजून पूर्ण मानत नाही. पण ठरलं होतं, म्हणून आलो." गुरव माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, असू द्या.

त्यानंतर दाजी सहा वर्षं होते. नास्तिकांनी देवाला एकदा हाक मारून बघावी का, असा वाद कुठं निघाला की लोक त्यांच्याकडे बघायचे, आणि दाजी म्हणायचे, जरूर बघावी, पण ओ आली तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवावं. लोक हसायचे. मी हसायची नाही.

आक्का आहे. साखर ताब्यात आहे, सोमवारीही भाकरी खाते. देवघरात बसते, पण पूर्वीसारखी नाही. तिचा देवीवर एक राग आहे आणि तो ती माझ्याशिवाय कुणाला सांगत नाही. मी सांगलीला गेले की जेवताना तिचा हात मध्येच थांबतो.

"समद्यांचं ऐकती ती, शालन. माझ्या माणसानं जन्मात एकदा हात जोडलं, लय मनापासनं जोडलं, म्या दारातनं बघितलंय. त्याचंच तेवढं न्हाई ऐकलं तिनं. काय मागितलं असंल गं त्यांनी?"

माझ्या जिभेवर उत्तर येतं. दरवेळी येतं. मग मी वाटीतलं कालवण तिच्या भाकरीवर ओतते आणि म्हणते, "आक्का, आधी जेव."

ती जेवते.