कोळशाच्या गावात पर्यटनाचा तास

यंदा दिवाळीनंतर कुठं जायचं ते ठरत नव्हतं. ते दिनकरनं ठरवून टाकलं. दिनकर माझा कॉलेजातला मित्र, आता वणीजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना तिथंच राहायचं आहे. आठवी-नववीत पोरं शाळा सोडतात, त्यावर उपाय म्हणून त्याच्या शाळेत नववीपासून एक नवा विषय सुरू झाला होता. पोरांच्या हाताशी काही येईल, मग ती टिकतील, हा विचार. विचारात खोट नाही. पण विषय कोणता निवडला? पर्यटन आणि आदरातिथ्य.

“तू फिरतो, लिहितो. ये न बाप्पा, पोरायले काही सांग,” दिनकर फोनवर म्हणाला. कोळसाखाणींच्या पट्ट्यात पर्यटन शिकवणारी शाळा पाहायला मिळत असताना महाबळेश्वरला कोण जाईल? मी निघालो.

यवतमाळहून वणीला जायचं तर सकाळची एसटी धरा. करंजीला गाडी थांबते, तिथं टपरीवरचे तर्री-पोहे खा. हायवेच्या चकचकीत हॉटेलात तेच पोहे तिप्पट दरानं आणि निम्म्या तिखटानं मिळतात. मारेगावपर्यंत दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस दिसतो. पुढे वणी जवळ आली की तो पांढरा राहत नाही. अर्धवट ताडपत्री बांधलेले कोळशाचे ट्रक एकामागून एक जातात, आणि पऱ्हाट्या, दुकानांचे पत्रे, टपरीवरच्या बिस्किटांच्या बरण्या, सगळ्यांवर एकच थर बसतो. खिडकीची जागा मिळाली तर ती शेजाऱ्याला देऊन टाका.

वणीत स्टँडजवळ लॉज आहेत. स्वच्छ चादर मागून घ्यावी लागते. मुक्कामाला बहुतेक ट्रकमालक आणि ठेकेदार. काउंटरवरच्या माणसानं टीव्हीवरची नजर न काढता माझ्याकडे किल्ली सरकवली. या भागातलं आदरातिथ्याचं क्षेत्र ते एवढंच.

दुपारी दिनकर गाडी घेऊन आला. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स होता. त्यावर माझा फोटो, त्याहून मोठा दिनकरचा, आणि दोघांच्या वर ठळक अक्षरांत ‘गळती शून्य’. आत एका वर्गखोलीत पुठ्ठ्याचा रिसेप्शन काउंटर उभा केला होता, वर सोनेरी कागद, टेबलावर घंटी. मागच्या भिंतीवर बर्फाच्छादित डोंगराचं पोस्टर. शाळेच्या खिडकीतून जो डोंगर दिसत होता तो खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा होता, पण त्याचं पोस्टर कुणी छापत नाही.

काउंटरमागे नववीतली सोनल उभी होती. “वेलकम सर, प्रवास कसा झाला?” तिनं शिकवल्याप्रमाणे हसून विचारलं. मी ट्रकांबद्दल सांगितलं. याचं उत्तर तिला शिकवलेलं नसावं. ती हळूच म्हणाली, “सर, तुमचं भाषण किती वेळ चालन?”

“पाहा, उत्सुकता पाहा,” दिनकर खूश होऊन म्हणाला.

उत्सुकता बसची होती. या विषयाचे तरुण शिक्षक सकाळी दुसऱ्या शाळेवर असतात, म्हणून इथं त्यांचा तास अगदी शेवटी, नेहमीची शाळा सुटल्यावर. सोनलच्या गावची बस मात्र तास संपायच्या आधीच फाट्यावरून जाते. एरवी त्या गावच्या तीन मुली अर्ध्यातून निघतात आणि त्यांची गैरहजेरी लागते. न निघावं तर ट्रकांच्या रस्त्यानं अंधारात पायी. सोनलच्या वडिलांनी जूनमध्येच बजावलं होतं, बस चुकली त्या दिवशी शाळा संपली. हे सगळं त्या शिक्षकांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. मी सोनलला म्हणालो, दहा मिनिटांत आवरतो.

मला बोलू कुणी दिलं तर ना. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग संस्थेचे पदाधिकारी एकेक करून. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून फाटकाला कुलूप. तिसरे वक्ते शिक्षणाच्या वाटेवरच्या अडथळ्यांबद्दल बोलत असताना बाहेर बसचा हॉर्न वाजला. तीन मुली अर्धवट उठल्या. एका शिक्षकानं हातानंच बसा म्हणून खुणावलं.

मी चार वाक्यं बोललो. शेवटी सोनलनं मला पुष्पगुच्छ दिला, फोटोसाठी दोनदा. मग ती दिनकरला म्हणाली, “सर, बस गेली.”

“कायले भेते वो? सोडून देतो न गाडीनं.”

तिघी मागच्या सीटवर बसल्या. वाटेत मी सोनलला विचारलं, पुढं काय करायचंय? म्हणाली, दहावी, मग नर्सिंग. आणि पर्यटन?

“ते शाळेले पाह्यजे, सर. मले नाही.”

दिनकरनं हॉर्न वाजवला. समोर ट्रक होता, त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सोनलचे वडील खाणीवर ठेक्यानं काम करतात. बस रिकामी आलेली पाहून ते निवाऱ्यापाशीच थांबले होते. दिनकर मोठ्या उत्साहात उतरला, पोरीनं शाळेचं नाव काढलं वगैरे सांगू लागला.

“सर, आज कार आहे,” वडील म्हणाले. “उद्या?”

“असा कार्यक्रम काही रोज नसते.”

“तास तं रोज आहे न.”

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, पाहुणे, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. सोनलनं चहा आणला. ती हसली नाही, प्रवास कसा झाला तेही तिनं विचारलं नाही.

परतताना मी दिनकरला म्हणालो, तास पंधरा मिनिटं आधी संपव की.

“पंधरा मिनिटं कमी भरली तं तपासणीत अडकतो, राजा. वेळापत्रक वरून आलं आहे.”

“आणि त्या मुली?”

“पाहू न.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी यवतमाळला परतलो. एसटी, लॉज, जेवण धरून सगळा प्रवास दोन हजारांत बसतो. शर्ट मात्र गडद रंगाचे न्या. शाल कपाटात ठेवली, ती बरी आहे.

महिन्याभरानं दिनकरनं फोटो पाठवले. दुसरे पाहुणे, तोच काउंटर, तेच बर्फाचे डोंगर, काउंटरमागे वेगळीच मुलगी. मी फोन करून विचारलं, सोनल कुठं आहे?

“घरी आहे,” दिनकर म्हणाला. “पण नाव आहे न पटावर. तिले गळतीत नाही धरत.”