मांडवात न पुकारलेला आहेर

ठाण्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात वकील देवकीला शेवटचं समजावत होते. "काकू, तुमच्या लेकीचं, दिपिकाचं लग्न होतं, प्रितेश ठेकेदाराने पाकीट आहेर म्हणून दिलं, साहेबांना ठाऊक नव्हतं. एवढंच बोलायचं. तुमच्या शब्दावर ते सुटून घरी येतील."

शेजारी तिचा नवरा, आमदार दौलत, चपलेकडे बघत बसला होता.

एके काळी हाच दौलत निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर रात्रपाळी करी आणि सकाळी सायकलने खारबावपलीकडच्या पाड्यावर येई. जंगलजमिनीच्या मोर्चात पुढे राहिला, सरपंच झाला, मग राखीव जागेवरून आमदार. निकालाच्या दुसऱ्या दिवशीही देवकी गोदामात खोकी उचलायला गेली, तेव्हा मुकादम ओरडला, "अगो आमदारीणबाय, आता तरी घरी बस!"

"आमदार तो झालाय. मी न्हाय," ती म्हणाली होती.

पुढे घरी बसलीच. दारात गाड्या लागू लागल्या. आश्रमशाळेच्या इमारतीचं प्रितेशचं बिल दौलतच्या एका शब्दासाठी अडून राहिलं. दिपिकाच्या लग्नाच्या सकाळी दौलत तिच्या कानाशी म्हणाला, "प्रितेश येल. देल ते आत ठेव. बोलू नको कुनाला." तिने ठेवलं. अक्षता पडायच्या आत लाचलुचपतवाल्यांनी पाकीट तिच्या ट्रंकेतून बाहेर काढलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात देवकीने पढवलेलं सगळं नीट सांगितलं. दौलतचे खांदे सैल झाले. मग सरकारी वकीलबाई उठल्या. आवाज मऊ होता.

"मावशी, तुमच्या पाड्यावर आहेर कसा घेतात हो?"

इतका वेळ घाबरलेल्या देवकीला हायसं वाटलं. हे तिला येत होतं. "मांडवात, सगल्यांसमोर. माइकवर पुकारतात, कुनाचा, काय. भांडं असो, कोंबडी असो, धा रुपये असो. पुकारल्याबिगर आहेर न्हाय व्हत."

"असं का?"

"फेडायचा असतो ना, बाय! नाव ऐकलं, की त्याच्या घरच्या लग्नात आपन न्यायचा. चोरून घेतला तं तो आहेर कसला?"

बोलून झाल्यावर तिला कळलं.

"मग प्रितेश शेठचं नाव पुकारलं होतं?"

मागच्या बाकावर पाड्यावरची माणसं बसली होती. तिने दौलतकडे पाहिलं. त्याने कठड्याआड हात जोडले होते. सबंध आमदारकीत त्याने कुणापुढे असे जोडले नव्हते. तिने तोंड उघडलं. 'हो' काही केल्या येईना.

"न्हाय," ती म्हणाली.

पुढे निकाल लागला, दौलतला चार वर्षांची कैद झाली. आमदारकी त्याच दिवशी गेली. दौलतला गाडीकडे नेताना ती मागे धावली. तो म्हणाला, "एवढं एक 'हो' जमलं न्हाय तुला?" दार बंद झालं.

ती तशीच वळली आणि वकिलांचा काळा कोट धरला. "मला परत उभी करा. पुकारलं व्हतं. माइकवर पुकारलं व्हतं, मी ऐकलं, सगल्यांनी ऐकलं."

"काकू, साक्ष कधीच संपली. निकालही झाला."

"पुकारलं व्हतं, साहेब!"

वकिलांनी हलकेच कोट सोडवून घेतला. मग ती दाराशी उभ्या शिपायाला तेच सांगू लागली. त्याने तिला भिंतीकडे सरकायला सांगितलं. पुढच्या केसची माणसं आत जात होती.