बेटावरच्या राजाचा शेवट

नाटक मीच लिहिलं होतं. एका काल्पनिक बेटावरचे कोळी बंड करतात आणि राजाला होडीत बसवून हाकलून देतात, एवढीच गोष्ट. बहरीनमधल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात ते करायचं ठरलं. आपणही बेटावरच राहतो आणि इथेही राजघराणं आहे, हे तालमीला जमणाऱ्या आठ जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला चिंता होती ती दाढी-मिशांची.

नव्वदच्या दशकातले ते सरकारविरोधी निदर्शनांचे धुमसते दिवस. मआमीर गावाच्या बाजूला जळलेल्या टायरांचा वास यायचा आणि पत्रकं सापडली की चौकशी व्हायची. अशात मी तुबलीतल्या आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसात नाटकाच्या झेरॉक्स काढल्या आणि मूळ वही मशीनच्या काचेवरच विसरलो. निव्वळ गाढवपणा. पहिल्या पानावर मी हौसेने बेट काढलं होतं, त्यावर उलटा मुकुट.

दुपारी मॅनेजरने बोलावलं. अरब माणूस, एरवी हसतमुख. वही त्याच्या टेबलावर होती. शेजारी आमचे स्टोअरकीपर चाचा उभे होते. ते रत्नागिरीचे, मराठी आणि अरबी दोन्ही येणारे ऑफिसात तेवढेच. काय लिहिलंय ते सांगा, असा त्यांना हुकूम झाला. व्हिसा रद्द झाला तर बायको आणि शाळेत जाणारी मुलगी घेऊन चिपळूण गाठावं लागणार, एवढंच मला दिसत होतं.

चाचा पानं उलटत शांतपणे अरबीत सांगत गेले. मला त्यातलं काही कळेना. शेवटी मॅनेजर हसला, "खलास", म्हणजे विषय संपला, असं म्हणाला आणि वही माझ्या हातात दिली. बायकामुलांना घेऊन नाटक बघायला येतो, हेही वर सांगितलं.

बाहेर येताच चाचांनी माझा दंड धरला.

"याड लागलंय काय तुला? मी सांगितलं, वाईट लोक राजाला घालवतात नि शेवटी रयत रडत त्याला परत आणते. आता तसंच लिही."

"मग नाटकात राहिलं काय, चाचा?"

"तू राहिलास ना इथे."

मी शेवट बदलला. मॅनेजर पहिल्या रांगेत बसला होता. कोळी रडले, राजा गादीवर बसला, टाळ्या पडल्या. विंगेत उभ्या उभ्या मला स्वतःचा भयंकर राग आला.

मुलीने सगळ्या तालमी पाहिल्या होत्या. घरी जाताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, व्हाय डिड ही कम बॅक?"

तुझ्यासाठी, असं सांगायचा मला धीर झाला नाही.